विश्लेषण : विकासात्मक दिव्यांगांसाठी विद्यापीठे काय करू शकतात? अमेरिकेतील साठ वर्षांचा अनुभव काय सांगतो?

अमेरिकेतील प्रत्येक राज्यात किमान एका विद्यापीठाशी जोडलेले असे एक केंद्र आहे, ज्याचे काम थेट कायद्यात लिहिलेले आहे. विकासात्मक दिव्यांग व्यक्तींसाठी लागणारे मनुष्यबळ घडवायचे, त्यांच्या प्रश्नांवर संशोधन करायचे आणि ते ज्ञान कुटुंबांपर्यंत पोहोचवायचे, असे हे काम. साठहून अधिक केंद्रांच्या या जाळ्याची मुळे १९६३ च्या एका कायद्यात आहेत. २०२५ मध्ये अमेरिकी आरोग्य खात्याच्या फेररचनेमुळे या व्यवस्थेच्या भवितव्याची चर्चा सुरू झाली. ही केंद्रे का उभी राहिली, त्यांनी काय साधले, काय साधता आले नाही आणि महाराष्ट्राने त्यातून काय घ्यावे, याचा हा आढावा.

विकासात्मक दिव्यांगत्व म्हणजे काय?

बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, डाऊन सिंड्रोम यांसारख्या अनेक अवस्था या संज्ञेत येतात. अमेरिकी कायदा मात्र आजाराच्या नावापेक्षा दैनंदिन जगण्यावरील परिणामाला महत्त्व देतो. वयाच्या २२ वर्षांपूर्वी दिसू लागलेले, पुढेही कायम राहण्याची शक्यता असलेले तीव्र स्वरूपाचे दिव्यांगत्व ही पहिली अट. स्वतःची काळजी घेणे, भाषा समजणे व बोलणे, शिकणे, हालचाल करणे, स्वतःचे निर्णय घेणे, स्वतंत्रपणे राहणे आणि आर्थिकदृष्ट्या स्वावलंबी होणे या सात बाबींपैकी किमान तीन बाबींत मोठी अडचण असणे ही दुसरी.

या व्याख्येमुळे एक गोष्ट स्पष्ट होते. सात बाबींपैकी निम्म्याहून अधिक बाबी दवाखान्यात सुटणाऱ्या नाहीत. त्या शाळेत, घरात, बसथांब्यावर, बँकेत आणि कामाच्या ठिकाणी सुटतात. त्यामुळे हा प्रश्न एकट्या डॉक्टरचा राहत नाही. विद्यापीठाची गरज इथेच निर्माण होते, कारण वैद्यक, शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, समाजकार्य आणि कायदा या सर्व शाखा एकत्र सापडण्याचे ते जवळपास एकमेव ठिकाण आहे.

कल्पना कुठून आली?

अमेरिकेचे अध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांची बहीण रोझमेरी हिला बौद्धिक दिव्यांगत्व होते. १९४१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तिच्या मेंदूवर लोबोटॉमी ही शस्त्रक्रिया करण्यात आली. तिची अवस्था आणखी बिघडली आणि उर्वरित आयुष्य तिने संस्थेत काढले. अनेक वर्षे हा विषय कुटुंबाबाहेर जाऊ दिला गेला नाही. दुसरी बहीण युनिस केनेडी श्रायव्हर यांनी १९६२ मध्ये एका लोकप्रिय साप्ताहिकात लेख लिहून तो जाहीर केला.

त्याच्या आदल्या वर्षी, १९६१ मध्ये, केनेडी यांनी या विषयावर तज्ज्ञांची समिती नेमली होती. फेब्रुवारी १९६३ मध्ये त्यांनी अमेरिकी काँग्रेसला खास संदेश पाठवला आणि ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी संबंधित कायद्यावर स्वाक्षरी केली. तीन आठवड्यांनी त्यांची हत्या झाली. या कायद्याने संशोधन केंद्रे आणि ‘विद्यापीठ संलग्न सुविधा’ उभारण्यासाठी निधी दिला. सुरुवातीला भर इमारतींवर होता. पुढे ‘सुविधा’ हा शब्द जाऊन ‘कार्यक्रम’ आला आणि २००० च्या कायद्याने त्यांना ‘विकासात्मक दिव्यांगत्वासाठीची विद्यापीठीय उत्कृष्टता केंद्रे’ हे आजचे नाव दिले. नावातला हा बदल कामातल्या बदलाचाही आहे. माणसांना इमारतीत आणण्याऐवजी तज्ज्ञांनी माणसांपर्यंत जायचे, असे हळूहळू ठरत गेले.

त्याआधी परिस्थिती काय होती?

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत दिव्यांग मूल जन्मले की त्याला सरकारी संस्थेत ठेवा, असा सल्ला डॉक्टरच सर्रास देत. १९६७ मध्ये अशा मोठ्या सरकारी संस्थांमध्ये सुमारे १ लाख ९५ हजार बौद्धिक व विकासात्मक दिव्यांग व्यक्ती राहत होत्या. हा त्या व्यवस्थेचा उच्चांक होता.

न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंड भागातील विलोब्रुक ही त्यातली सर्वांत कुप्रसिद्ध संस्था. क्षमता चार हजारांची असताना १९६५ मध्ये तिथे सहा हजारांहून अधिक जण कोंबलेले होते. त्या वर्षी सिनेटर रॉबर्ट केनेडी यांनी भेट देऊन तिथल्या हालअपेष्टांवर जाहीर टीका केली. १९७२ मध्ये दूरचित्रवाणी पत्रकार जेराल्डो रिव्हेरा यांनी तिथली दृश्ये घराघरांत दाखवली. पालक न्यायालयात गेले, १९७५ मध्ये समझोता आदेश निघाला आणि १९८७ मध्ये संस्था कायमची बंद झाली.

विलोब्रुकच्या कथेत विद्यापीठाचीही बाजू आहे आणि ती अभिमानाची नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे दीड दशक न्यूयॉर्क विद्यापीठाचे डॉ. सॉल क्रुगमन यांच्या पथकाने तिथल्या मुलांना मुद्दाम काविळीच्या विषाणूची लागण करून संशोधन केले. पालकांची संमती घेतली असल्याचे सांगितले गेले. मात्र जिथे प्रवेशासाठीच कुटुंबे ताटकळत होती, तिथे त्या संमतीला किती अर्थ होता, हा प्रश्न वैद्यकीय नीतिशास्त्राच्या वर्गांत आजही शिकवला जातो. म्हणजे विद्यापीठाने या विषयात लक्ष घातले की आपोआप भले होते, असे नाही. संशोधन कोणावर, कोणासाठी आणि कोणाला विचारून करायचे, हे ठरवावे लागते. आज त्याच जागेवर न्यूयॉर्क शहर विद्यापीठाचे स्टेटन आयलंड महाविद्यालय उभे आहे.

ही केंद्रे नेमके काय करतात?

कायद्याने चार कामे नेमून दिली आहेत. विद्यार्थ्यांना आणि सेवेतील व्यावसायिकांना आंतरशाखीय प्रशिक्षण देणे, समाजात थेट सेवा व तांत्रिक साहाय्य पुरवणे, संशोधन करणे आणि माहितीचा प्रसार करणे. मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वाइसमन केंद्रात एकाच छताखाली प्रयोगशाळा, मुलांची तपासणी केंद्रे आणि प्रशिक्षण वर्ग आहेत. बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील केंद्राचा भर रोजगार आणि उच्च शिक्षणावर आहे. मिनेसोटा विद्यापीठातील केंद्र देशभरात किती दिव्यांग व्यक्ती संस्थेत, किती कुटुंबात आणि किती स्वतःच्या घरात राहतात, याची आकडेवारी वर्षानुवर्षे गोळा करते.

हे शेवटचे काम वरवर रुक्ष वाटते. मात्र संस्था बंद कराव्यात की नाहीत, बाहेर पडलेल्या माणसांचे काय झाले, यावर राज्य सरकारांशी वाद घालताना पालकांच्या आणि वकिलांच्या हाती हेच आकडे होते. अवास्तवपणे संस्थेत डांबून ठेवणे हा भेदभाव आहे, असा निकाल अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ‘ओल्मस्टेड’ खटल्यात दिला. मोठ्या सरकारी संस्थांमध्ये राहणाऱ्यांची संख्या आता २० हजारांच्या खाली आली आहे.

प्रशिक्षणात वेगळे काय?

सेरेब्रल पाल्सी असलेल्या चार वर्षांच्या मुलाचे उदाहरण घेऊ. त्याचे वजन वाढत नाही. आहारतज्ज्ञ जास्त उष्मांकाचा आहार सुचवतात. पण मूल नीट बसू शकत नसल्याने त्याला घास गिळताना ठसका लागतो. म्हणजे आधी फिजिओथेरपिस्टने बसण्याची योग्य रचना करून द्यायला हवी आणि स्पीच थेरपिस्टने गिळण्याची तपासणी करायला हवी. फिट येऊ नये म्हणून दिलेल्या औषधाने ते पेंगते आणि बालवाडीच्या बाई म्हणतात, त्याचे लक्षच नसते. दात किडले आहेत, पण दंतवैद्य तपासायला कचरतात. प्रत्येक तज्ज्ञ आपापल्या जागी बरोबर असतो. या सर्वांचे म्हणणे जुळवण्याचे काम मात्र आईवर येऊन पडते.

या विसंवादावर उत्तर म्हणून अनेक केंद्रांत ‘लेंड’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा प्रशिक्षणक्रम चालतो. बालरोग, मानसशास्त्र, वाचा व श्रवण, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, आहारशास्त्र, परिचर्या, दंतवैद्यक, समाजकार्य, विशेष शिक्षण अशा शाखांचे पदव्युत्तर विद्यार्थी एकत्र शिकतात. दीर्घ मुदतीच्या प्रशिक्षणार्थींना किमान ३०० तास पूर्ण करावे लागतात. एकाच मुलाला सगळे मिळून तपासतात, एकत्र चर्चा करतात आणि कुटुंबाला एकच आराखडा देतात.

यातला आणखी एक भाग महत्त्वाचा आहे. अनेक ठिकाणी दिव्यांग मुलांचे पालक आणि स्वतः दिव्यांग व्यक्ती या प्रशिक्षणात अध्यापक किंवा प्रशिक्षणार्थी म्हणून सहभागी असतात. विद्यार्थ्यांना एखाद्या कुटुंबासोबत काही काळ घालवावा लागतो. सकाळी मुलाला तयार करायला किती वेळ लागतो, शाळेची गाडी चुकली तर काय होते, भावंडांच्या वाट्याला काय येते, हे रुग्णपत्रिकेत लिहिलेले नसते. ते पाहिलेला डॉक्टर पुढे ‘रोज एक तास हे व्यायाम करून घ्या’ असे सांगताना दोनदा विचार करतो.

संशोधनातून काय हाती लागले?

फेनिलकीटोनुरिया, म्हणजे पीकेयू, हा चयापचयाचा आनुवंशिक विकार आहे. वेळीच ओळखून आहार बदलला नाही तर मेंदूची कायमची हानी होते. बफेलो येथील डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर करता येणारी स्वस्त चाचणी विकसित केली. त्यांचा स्वतःचा मुलगा बौद्धिक दिव्यांग होता. १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने ही चाचणी बंधनकारक केली. विद्यापीठीय केंद्रे उभी राहण्याआधीचे हे यश. पण संशोधनाने दिव्यांगत्व टाळता येते, हा विश्वास त्याने दिला आणि सरकारी तिजोरी उघडण्यास मदत केली. वाइसमन केंद्र ज्यांच्या नावाने आहे ते डॉ. हॅरी वाइसमनही याच विकारावर काम करत होते.

मात्र बहुतांश विकासात्मक अवस्थांवर असा ‘इलाज’ नाही. तिथे यशाचे मोजमाप वेगळे करावे लागते. अमेरिकेत डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींचे मृत्यूसमयीचे मध्यक वय १९८३ मध्ये २५ वर्षे होते, ते १९९७ मध्ये ४९ वर्षांवर गेले. गुणसूत्रे तीच राहिली. बदलले ते उपचार आणि वागणूक. हृदयदोषावर शस्त्रक्रिया होऊ लागल्या आणि मुले संस्थांऐवजी घरी वाढू लागली. त्यातून नवा प्रश्नही आला. या व्यक्तींना तुलनेने लवकर अल्झायमर होण्याचा धोका मोठा असतो. त्यामुळे एकेकाळी मुलांसाठी उभारलेली केंद्रे आता पन्नाशीतल्या माणसांच्या स्मृतीचा अभ्यास करत आहेत.

दुसरे क्षेत्र शाळेनंतरच्या आयुष्याचे. बौद्धिक दिव्यांग तरुणांसाठी अमेरिकेतील महाविद्यालयांत आज ३०० हून अधिक अभ्यासक्रम चालतात. त्यांच्या समन्वयाचे काम बोस्टनच्या केंद्राकडे आहे. सर्वांना पदवी मिळते असे नाही. पण इतर विद्यार्थ्यांबरोबर वर्गात बसणे, बसने एकट्याने प्रवास करणे, पगाराची नोकरी धरणे यासाठी ही तयारी उपयोगी ठरते.

निर्णय कोण घेते?

२००० च्या कायद्यानुसार प्रत्येक केंद्राला सल्लागार समिती नेमावी लागते आणि तिच्यात विकासात्मक दिव्यांग व्यक्ती व त्यांचे कुटुंबीय यांचे बहुमत असावे लागते. केंद्राच्या पंचवार्षिक आराखड्यावर या समितीचा सल्ला घेणे आवश्यक असते. विलोब्रुकमधील मुलांना कोणी काही विचारले नव्हते, हे लक्षात घेतले तर या तरतुदीचे मोल कळते. अर्थात सल्ला देणे आणि निर्णय घेणे यांत अंतर आहे. समितीतील सदस्यांना सोप्या भाषेत कागदपत्रे मिळतात का, बैठकीला येण्याची सोय होते का, यावर ती समिती खरी की कागदोपत्री, हे ठरते.

मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा पैशांची. सर्व केंद्रांसाठीची मूळ केंद्रीय तरतूद वर्षाला साधारण ४ कोटी डॉलरच्या आसपास आहे. एका केंद्राच्या वाट्याला सुमारे ६ लाख डॉलर येतात. बाकीचा निधी केंद्रांना स्पर्धेतून, राज्य सरकारांशी करार करून किंवा देणग्यांतून उभा करावा लागतो. मूळ अनुदान लहान असले तरी त्याच्या जोरावरच इतर निधी येतो, त्यामुळे ते थांबले तर पूर्ण डोलारा हलू शकतो. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी आरोग्य खात्याने मोठ्या फेररचनेची घोषणा केली. तीत या केंद्रांना अनुदान देणारे ‘ॲडमिनिस्ट्रेशन फॉर कम्युनिटी लिव्हिंग’ हे कार्यालय मोडून त्याची कामे इतरत्र वाटण्याचे जाहीर झाले. त्यातून केंद्रांच्या स्वतंत्र निधीबाबतची अनिश्चितता वाढली.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. केंद्र प्रशिक्षण देऊ शकते, सेवा देणारी व्यवस्था उभी करू शकत नाही. अमेरिकेत घरी राहून साहाय्य मिळावे यासाठीच्या सरकारी योजनांच्या प्रतीक्षायादीत २०२४ मध्ये सुमारे सात लाख नावे होती आणि त्यांतील बहुसंख्य बौद्धिक व विकासात्मक दिव्यांगांची होती. अंघोळ, जेवण, प्रवास यांत रोज मदत करणारे साहाय्यक कमी पगारामुळे टिकत नाहीत. ओळखीचा माणूस दर काही महिन्यांनी बदलणे स्वमग्न व्यक्तीसाठी किती त्रासाचे असते, हे कुटुंबेच जाणतात. उत्तम प्रशिक्षण कमी पगाराची भरपाई करू शकत नाही.

भारतात काय आहे?

गरज मोठी आहे. पाच भागांतील २ ते ९ वर्षांच्या मुलांचा अभ्यास ‘इन्क्लेन’ या संशोधन संस्थेने केला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार साधारण आठपैकी एका मुलात मज्जाविकासाशी निगडित किमान एक अडचण आढळली. यात श्रवणदोष आणि फिट्सचाही समावेश होता. २०११ च्या जनगणनेत मात्र बौद्धिक दिव्यांगांची नोंद अवघी १५ लाख होती.

व्यवस्थेचे सुटे भाग भारतात आहेत. सिकंदराबाद येथे १९८४ मध्ये बौद्धिक दिव्यांगांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तिचे प्रादेशिक केंद्र नवी मुंबईत आहे. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला विशेष शिक्षक व पुनर्वसन व्यावसायिकांच्या अभ्यासक्रमांचे नियमन दिले. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार २१ केले. महाराष्ट्राने २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाची घोषणा केली.

अमेरिकी कल्पनेच्या सर्वांत जवळ जाते ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांत तपासणी करून संशयित मुलांना या केंद्रात पाठवले जाते. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक आणि समाजसेवक एकत्र असावेत, अशी रचना आहे. स्वयंसेवी क्षेत्राचे योगदानही मोठे आहे. शिवडीची जय वकील संस्था १९४४ पासून काम करते. बोस्टनच्या बाल रुग्णालयात विकासात्मक बालरोगशास्त्राचे प्रशिक्षण घेतलेल्या डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये मुंबईत ‘उम्मीद’ ही संस्था सुरू केली. ती उपचारांबरोबर प्रशिक्षणही देते.

मग जोडायचे काय राहिले?

महाराष्ट्रात डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली घडतात. विशेष शिक्षक पुनर्वास परिषदेच्या मान्यतेने वेगळ्या महाविद्यालयांत, समाजसेवक तिसऱ्याच ठिकाणी. हे सगळे पहिल्यांदा एकमेकांना भेटतात ते नोकरीला लागल्यावर. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात त्यांच्याकडून एकत्र कामाची अपेक्षा असते, पण एकत्र काम करायला त्यांना कोणी शिकवलेले नसते.

यासाठी नवी इमारत लागत नाही. एखादे विद्यापीठ, जवळचे वैद्यकीय महाविद्यालय आणि त्या जिल्ह्याचे शीघ्र हस्तक्षेप केंद्र यांना बांधणारा सामायिक प्रशिक्षणक्रम सुरू करता येईल. त्यात पालकांना मानधनावर अध्यापक म्हणून घेता येईल. तपासणीत आढळलेल्या मुलांचे पाच, दहा वर्षांनी काय झाले, याची नोंद ठेवणे हे विद्यापीठाचे काम होऊ शकते. आज मूल १८ वर्षांचे झाले की या कार्यक्रमाच्या यादीतून त्याचे नाव जाते. ‘आमच्यानंतर याचे कोण?’ हा पालकांचा प्रश्न नेमका त्या वयात तीव्र होतो आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी लागणारी किमान माहितीही कोणाकडे नसते. अमेरिकेतील साठ वर्षांचा अनुभव पाहता विद्यापीठे हा प्रश्न एकट्याने सोडवू शकत नाहीत. पण तो प्रश्न मोजणारी, त्यासाठी माणसे घडवणारी आणि पालकांना चर्चेच्या मेजावर जागा देणारी यंत्रणा ती नक्कीच उभी करू शकतात.